नववी पायरी

४ मार्च

चि. ठोंब्या,

पत्राची सुरुवात आशीर्वादाने करतात. आज तो मिळायचा नाही. आधी खुलासा कर, मग बघू.

सकाळी चहा घेताना पेपर उघडला. मी खेळाचं पान आधी वाचते हे तुला ठाऊक आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाई त्यावरून अजून मला हसतात. मधोमध बातमी होती : ‘ज्येष्ठ फुटबॉल प्रशिक्षकाचा संघाला रामराम’. म्हटलं, असेल कोणी दुसरा म्हातारा. तर खाली तुझा फोटो! ‘सव्वीस वर्षांनंतर तडकाफडकी राजीनामा. कारण समजू शकले नाही.’ ते सख्ख्या बहिणीलाही समजू शकलेलं नाही, हे त्या वार्ताहराला कोण सांगणार? चहा गार झाला तो झालाच.

अरे, कप जिंकून अजून धड पाच आठवडे झाले नाहीत. ज्या कपापायी सव्वीस वर्षं घरादाराकडे पाठ करून मैदानावर उभा राहिलास, तो एकदाचा हाती आला आणि तू उठून चालता झालास? लोक हरल्यावर जातात. जिंकून जाणारा मी तरी पाहिला नाही.

फायनलनंतरचा तुझा फोटो मी अल्बममध्ये लावलाय. पोरांनी तुला खांद्यावर उचललंय आणि तू मात्र भलतीकडेच बघतोयस, दाढ काढायला नेत असल्यासारखा. फोटो जरा रुंद होता, पानात मावेना, म्हणून उजवीकडून दोन बोटं कापला. तरी छान दिसतोय.

वहिनीची तब्येत बरी आहे ना? का कमिटीवाल्यांनी काही केलं? तुला काढलं असेल तर तसं सांग, लाजू नकोस.

फोन करू नकोस. माझ्या कानाला यंत्र लागल्यापासून तू नुसता ओरडतोस, आणि त्याआधी तरी फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’ याच्या पलीकडे कधी गेलास? कागदावर तू बरा असतोस.

जेवणाकडे लक्ष दे. बुटाची नाडी नीट बांधत जा.

तुझी ताई

ता. क. आशीर्वाद राखून ठेवलाय.


११ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, म्हणजे मनातल्या मनात. कंबर आता तेवढी वाकत नाही, आणि हेच पहिलं कारण समज. दुसरं, सकाळी सहाला ओल्या गवतात उभं राहायचं वय गेलं. तिसरं, परगावी जाताना बसमध्ये पोरं जी गाणी लावतात ती. चौथं हवं असेल तर वहिनीला विचार. ती ठणठणीत आहे. उलट मी दिवसभर घरात असल्याने तिचंच डोकं दुखतं. कालच म्हणाली, “स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सूचना देऊ नका, इथे कोणी खेळत नाहीये.”

क्लबमधली माझी खोली रिकामी केली. तुला ती पाहून शिसारी आली होती, आठवतंय? खिडकी एक, तीही न उघडणारी. कपाटातून तीन शिट्ट्या निघाल्या, त्यातली एक वाजणारी. हवा भरायचा पंप, फाटक्या जाळ्याचा तुकडा, आणि सव्वीस वर्षांच्या नावांच्या याद्या. मी मॅचच्या सकाळी अकरा नावं कागदावर लिहून कपडे बदलायच्या खोलीच्या दारावर लावायचो. अकरा नावं लिहायला दोन मिनिटं लागतात, बारावं न लिहायला आठवडा. ज्याचं नाव नसेल तो मला शिव्या देणार, त्याचा बाप देणार, मग गॅलरीतले लोक देणार. प्रशिक्षकाची अर्धी नोकरी शिव्या खायचीच असते. मी ती अर्धी नोकरी नेहमी चोख केली असं मला वाटायचं.

तू आमच्या पायऱ्या एकदा पाहिल्या होत्यास. मैदानाच्या त्या अंगाला प्रेक्षकांची गॅलरी आहे, तिच्या सिमेंटच्या चौदा पायऱ्या. कोणाच्या पायाला लागलेलं असलं की मी त्याला वर पाठवायचो आणि खाली उभा राहायचो. उतरताना कठडा धरायचा नाही, खाली पायांकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघत उतरायचं. मी त्याचा पाय बघायचोच नाही, तोंड बघायचो. पाय खोटं बोलतो, पोरगं त्याहून जास्त बोलतं, पण उतरताना दुखलं की तोंडाला ते लपवता येत नाही. फिजिओ काहीही म्हणो, शेवटचा शब्द पायऱ्यांचा. सगळ्यांना तो मान्य होता.

अध्यक्ष गेल्या वर्षापासून म्हणताहेत, पायऱ्या पुरे झाल्या, आता यंत्र आणू, गुडघ्याचा आलेख काढणारं. निघताना मी म्हटलं, आणा. त्यांचं काही चुकलं नाही.

नाडीची काळजी नको. तू शिकवलीस तशीच बांधतो, डबल गाठ आणि टोकं आत. शाळेत जायला लागल्यापासून आजतागायत मैदानावर एकदाही सुटली नाही. एवढी एक गोष्ट माझ्या आयुष्यात कायम टिकली.

तुझा ठोंब्या


१९ मार्च

चि. ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. राखून ठेवलेले धरून.

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. तुझी कंबर, गवत आणि बसमधली गाणी वाचून मला चौतीस वर्षं ऐकलेल्या सबबी आठवल्या. गृहपाठ न केलेली मुलं आधी पोटदुखी सांगतात, मग पाहुणे, आणि खरं कारण अगदी शेवटी, जाता जाता, मान खाली घालून. तुझ्याही पत्रात ते शेवटीच आलं. यंत्र! काल आलेला अध्यक्ष, ज्याने कधी बुटाला चिखल लावून घेतला नाही, तो तुझ्या सव्वीस वर्षांच्या नजरेला यंत्राने मोजणार. आणि तू वर म्हणतोस, ‘त्यांचं काही चुकलं नाही’. लहानपणीही तुला कोणी ढकललं की तूच म्हणायचास, मीच पडलो.

तेव्हा मी गप्प बसले नाही. तुमच्या अध्यक्षांना पत्र टाकलंय, रजिस्टर पोस्टाने. शिव्या दिलेल्या नाहीत, घाबरू नकोस. एवढंच लिहिलं : ‘महोदय, माझ्या भावाने आपल्या संघाला जे दिलं ते मोजणारं यंत्र निघालेलं नाही. ज्या माणसाने सव्वीस वर्षांत एकाही मुलाला दुखऱ्या पायाने मैदानात उतरू दिलं नाही, त्याला आपण निरोपाचा एक शब्दही दिला नाही. ही आपली शोभा आहे की आमची, हे आपणच ठरवावं.’ खाली सही, आणि सहीखाली ‘निवृत्त मुख्याध्यापिका’. त्याने अजूनही फरक पडतो.

दोन वेळा वाचलं, एकही चूक सापडली नाही. मला फार बरं वाटलं. तुझ्यासाठी कितीतरी वर्षांत मी काही केलं नव्हतं.

तुझी ताई


२७ मार्च

ताई,

हे काय करून बसलीस?

परवा संध्याकाळी अध्यक्ष घरी आले. कमिटीतले दोघे बरोबर. तुझं पत्र घडी करून त्यांच्या खिशात. म्हणाले, “तुमच्या भगिनींचं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं. आमचं चुकलं.” भला माणूस आहे गं तो. तू त्याला जो समजलीस तो तो नाही. त्याने मला एकदाही जा म्हटलेलं नव्हतं, उलट राजीनामा दोनदा परत केला होता.

आता वीस एप्रिलला माझा सत्कार आहे. मैदानावर, मांडव घालून. त्या पायऱ्यांच्या गॅलरीला माझं नाव देणार आहेत, पाटी रंगायला गेलीसुद्धा. आणि तुझं ते वाक्य, ‘सव्वीस वर्षांत एकाही मुलाला दुखऱ्या पायाने मैदानात उतरू दिलं नाही’, ते त्यांना इतकं आवडलं की मानचिन्हावर कोरून घेताहेत. मानचिन्ह माझ्या हातात देणार टोळ.

टोळ म्हणजे आमचा डाव्या बाजूचा खेळाडू. लांब तंगड्या, उडी मारली की खाली यायचं विसरतो, म्हणून पोरांनी नाव पाडलं. वय चोवीस. सेमीफायनलला त्याचा गुडघा मुरगळला. दहा दिवसांनी फायनल. त्या सकाळी फिजिओ म्हणाला, निम्मं निम्मं आहे, तुम्हीच ठरवा. टोळ पायऱ्या उतरला. मी त्याला घेतलं. एकाहत्तराव्या मिनिटाला त्याने डावीकडून असा चेंडू टाकला की आपल्या पोराने फक्त डोकं लावलं. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला तो पडला. जवळपास कोणीही नव्हतं, धक्का नाही, काही नाही. वळला आणि पडला. ऑपरेशन झालं. चालेल, डॉक्टर म्हणतात. खेळणार नाही.

हे तुला लिहिलं नव्हतं, कारण काय लिहिणार? पण आता त्याचं पत्र आलंय, त्याला बारा दिवस झाले. उत्तर दिलेलं नाही. तसंच्या तसं उतरवतो :

‘सर, नमस्कार. तुम्ही क्लब सोडला हे कळलं. पोरं म्हणतात टोळाच्या गुडघ्यामुळे सोडला. सर, तुमची चूक नाही, माझी आहे. मी तुम्हाला फसवलं. त्या दिवशी वरून नवव्या पायरीवर इतकं दुखलं की डोळ्यांसमोर अंधारी आली. तोंड वाकडं झालं असणार. पण तुम्ही नेमके तेव्हा नाडी बांधायला वाकलात. मला वाटलं, नशीब आपलं! तुम्ही वर बघेपर्यंत मी हसत होतो. सर, तुमच्या पायऱ्यांना फसवणारा मी पहिलाच असेन. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि मी तुमचं नाव घालवलं. आई म्हणते, माफी माग. मागतो. तुम्ही परत जा, सर.’

ताई, तो म्हणतो ते खरं आहे. मी नाडी बांधत होतो. मला दिसलं नाही. मी त्याला पुन्हा एकदा उतरायला लावायला हवं होतं, ते मी केलं नाही. तेवढी ढिलाई झाली आणि तेवढ्यासाठी मी सोडलं. सव्वीस वर्षांनी डोळ्यांत तेल घालून बघता येत नसेल तर माणसाने बाजूला व्हावं. झालं समाधान?

आता सत्काराचं काय करू ते सांग. हा घोळ तू घातलायस.

ठोंब्या


२ एप्रिल

ठोंब्या,

तुला ती गाठ मी शिकवली. तू सहा वर्षांचा होतास, मी तेरा. जिन्याच्या खालच्या पायरीवर तुला बसवून एकवीस वेळा बांधायला लावली होती, तू रडलास तरी. ती सुटत नाही. तूच पहिल्या पत्रात लिहिलंस, मैदानावर एकदाही सुटलेली नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. ते पत्र पुन्हा लिही.

आणखी एक. डॉक्टरीणबाईंकडे पेपरांची रद्दी असते. तिथून मी फायनलच्या दुसऱ्या दिवशीचा अंक शोधून आणला, अख्खा फोटो बघायला. मी कापून टाकलेल्या दोन बोटांत स्ट्रेचर आहे. तू तिकडे बघतोयस.

ताई


६ एप्रिल

ताई,

नाडी सुटलेली नव्हती.

मी खाली उभा होतो. तो उतरत होता. आठव्या पायरीवर मला कळलं होतं. खरं तर त्याने वर पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच कळलं होतं. नवव्यावर त्याच्या तोंडाचा डावा कोपरा ओढला गेला आणि पुढचं मला बघायचं नव्हतं, म्हणून मी वाकलो. बांधलेली गाठ बोटांनी चाचपत राहिलो. मनात मोजत होतो, दहा, अकरा, बारा. चौदा झाल्यावर उभा राहिलो. समोर तो हसत होता. म्हणाला, “सर, ठीक?” मी म्हणालो, “ठीक.”

मला कप हवा होता गं. दुसरं काही नाही. आठ वेळा सेमीफायनल, दोनदा फायनल, आणि मी त्रेसष्ट वर्षांचा. त्याच्याशिवाय आपण जिंकत नव्हतो. त्याला बसवला असता तर त्याने शिव्या दिल्या असत्या, गॅलरीने दिल्या असत्या, आणि त्या खाऊन मी नेहमीसारखा हात हलवत घरी आलो असतो. तसं मी सव्वीस वर्षं केलं होतं. त्या सकाळी मला ते नकोसं झालं.

तो पडला तेव्हाही मी सोडलं नाही. पोरांनी खांद्यावर घेतलं तेव्हा उतरलो नाही. चार आठवडे लोक हात मिळवत होते, मी मिळवत होतो. मग फेब्रुवारीच्या शेवटी सराव सुरू झाला आणि गोलकीपरचा घोटा दुखावला. सवयीने मी त्याला पायऱ्यांवर पाठवलं. खाली उभा राहिलो. तो माझ्याकडे बघत उतरायला लागला, माझ्या तोंडाकडे, मीच शिकवल्याप्रमाणे. आणि मला त्याच्याकडे बघता येईना. इतकी वर्षं पोरं मला आपली तोंडं दाखवत होती. माझं मला दाखवता येत नव्हतं. त्याला मध्येच थांबवलं, म्हटलं डॉक्टरकडे जा, आणि खोलीत जाऊन राजीनामा लिहिला.

हे वहिनीलाही सांगितलेलं नाही. तुला सांगितलं. आता जरा हलकं वाटतंय.

ठोंब्या


१० एप्रिल

चि. ठोंब्या,

तुझं पत्र मी दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. आधी रडले, मग तुझा राग आला, मग पुन्हा रडले. राग अजून गेलेला नाही आणि जाईल असं वाटत नाही. तू माझा भाऊ आहेस, तो राग घेऊनही राहशीलच.

पण हलकं वाटतंय असं लिहिलंस ना, ते वाचून माझं डोकं फिरलं. मला सांगून तुला हलकं वाटायचं कारण काय? माझा गुडघा गेलाय का? तिकडे ते लेकरू कुबडी घेऊन बसलंय आणि स्वतःला गुन्हेगार समजतंय. त्याचा खेळ गेला, वर तुझा खोटेपणाही त्याच्याच डोक्यावर. खेळ तू परत देऊ शकत नाहीस. दुसरं ओझं तुझं आहे, ते जाऊन उचल.

माझंही चुकलं. अर्धवट ऐकून मी शहाणपणा केला. माझं वाक्य त्या मानचिन्हावर कोरलं जाणार आणि ते त्या मुलाच्या हातून तुला मिळणार, हा विचार आला की जेवण जात नाही. अध्यक्षांना आज माफीचं पत्र टाकलंय. त्यात तुझं काही सांगितलं नाही. ते तू सांगशील.

आणि हे बघ, त्याला पत्र लिहू नकोस. कागदावर तू बरा असतोस असं मी म्हटलं होतं. ते मागे घेते. कागदावर तुझं तोंड दिसत नाही, तिथे तुला वाकता येतं. माझ्यापुढेही तू वाकलासच की, गाठ मी शिकवलेली नसती तर मलाही कळलं नसतं. तू जा त्याच्या घरी. समोर बस आणि सांग.

तो अख्खा फोटो मी अल्बममध्ये लावलाय. पानाबाहेर येतो, येऊ दे.

आशीर्वाद आहेच. तो काही तुझ्या वागण्यावर अवलंबून नाही.

तुझी ताई


१८ एप्रिल

ती. ताईस,

सत्कार रद्द झाला. अध्यक्षांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. मग म्हणाले, “फिजिओनेही निम्मं निम्मं म्हटलं होतं. पोराची स्वतःची तयारी होती. कशाला उकरताय? झाकली मूठ राहू द्या.” मी म्हटलं, ती मूठ त्या पोराच्या गळ्याशी आहे. पाटी अजून रंगाऱ्याकडेच पडून आहे, आणि मी पेपरला चार ओळी पाठवल्यात. छापल्या तर तुझ्या अल्बममध्ये लाव, फोटोशेजारीच.

टोळाकडे मी पंधरा तारखेला गेलो, अध्यक्षांकडे जायच्या आधी. तीन दिवस गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत होतो. वहिनीला सगळं सांगितलं तेव्हा ती चपला घालून म्हणाली, “चला, मी कोपऱ्यापर्यंत येते. तिथून तुम्ही परत फिरलात तर मी जाईन.” मग गेलो.

पहिला मजला. एकच खोली आणि पुढे चिंचोळा व्हरांडा. आई शिवणाची मशीन चालवत होती, शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलेला. मला बघून ती उठली, खुर्ची पुसली, म्हणाली, “सर, तुम्ही आलात, आता हा जेवेल.” टोळ पलंगावर, पाय उशीवर. त्याने उठायची धडपड केली आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? “सर, माफ केलंत ना?”

मी खुर्चीवर बसलो नाही. म्हटलं, “नाडी सुटलेली नव्हती. मी बघितलं होतं.”

त्याला कळायला वेळ लागला. मग विचारलं, “काय बघितलं होतं?” म्हटलं, तुझं तोंड. नवव्या पायरीवर. बघितलं म्हणूनच वाकलो. तो म्हणाला, “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?” तीनदा विचारलं त्याने, आणि मी तीनदा हो म्हटलं. आईने मशीन थांबवली होती. खाली कोणीतरी बादली भरत होतं, तिचा आवाज तेवढा येत होता.

मग तो बोलला. ओरडला नाही, ताई. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, “दोन महिने मी आरशात बघितलं की म्हणायचो, हा बघ, सरांना फसवणारा. दाढी करायची सोडली मी.” त्याची दाढी खरंच वाढलेली होती. थोड्या वेळाने म्हणाला, “तुम्ही त्या दिवशी ‘आज बस’ म्हणाला असतात ना, तर मी तुम्हाला जन्मभर शिव्या घातल्या असत्या.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “त्या खायचीच माझी नोकरी होती.”

माफी मी मागितली. त्याने दिली नाही. नाही म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही. आईने पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं. मी जायला निघालो. दारात पोहोचलो तर मागून म्हणाला, “सर, खाली जाऊन उभे राहा.”

मला समजलं नाही. तो कुबडी ओढून उठत होता. म्हणाला, “डॉक्टरांनी जिना सांगितलाय, दिवसातून दोनदा. आई बघत नाही, तिला बघवत नाही. तुम्ही खाली उभे राहा. आणि वाकायचं नाही.”

मी उतरलो. अरुंद जिना, सतरा पायऱ्या, मधे वळण नाही. खाली दाराशी उभा राहिलो. तो वर जिन्याच्या तोंडाशी आला, एका काखेत कुबडी, दुसऱ्या हाताने कठडा धरलेला. कठडा धरायचा नाही असं मी काही म्हटलं नाही. त्याने खाली पायांकडे एकदाही बघितलं नाही. माझ्याकडे बघत उतरला. तिसऱ्या पायरीवर तोंडाचा डावा कोपरा ओढला गेला. सातव्यावर डोळे मिटले आणि उघडले. नवव्यावर तो थांबला. बराच वेळ थांबला. मुद्दाम थांबला असेल किंवा दुखत असेल, दोन्ही असेल. घाम आला होता त्याला, मलाही. माझे हात माझ्या बुटांकडे जायला बघत होते. मी ते पाठीमागे धरले आणि बघत राहिलो. सतराच्या सतरा पायऱ्या बघितल्या.

खाली आल्यावर मला वाटलं, तो ‘सर, ठीक?’ विचारेल. त्याने विचारलं नाही. मीच म्हटलं, “दुखतंय तुला. तिसरीपासून.”

“दुसरीपासून,” तो म्हणाला. मग कुबडी भिंतीला टेकवून त्याने श्वास घेतला आणि म्हणाला, “उद्या सकाळी दहाला.”

आज चौथा दिवस. बोलत नाही फारसा. काल आईने खाली एक स्टूल आणून ठेवलं, मी त्यावर बसत नाही. दहाला पाच कमी असताना पोहोचतो, नाडी घरीच बघून निघतो.

तुझा ठोंब्या